ठीक चारचा संदेश

साऱ्या बेंगळुरूत परग्रहवासीयांची अण्णांइतक्या आतुरतेने वाट पाहणारा दुसरा माणूस झाला नसेल, हे मी तुम्हा नातवंडांना खात्रीने सांगते. जे. पी. नगरात आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर हे अण्णा एकटेच राहत. घराणं कैक पिढ्यांपासून इकडचं, म्हणून मराठीत कानडी मुरलेली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर डिशची मोठी छत्री बसवली, घरात स्वतः रेडिओ जोडला आणि आकाशाला कान लावला. हॉलमध्ये सोफा घेतला नाही. "पाहुणे किती पायांचे असतील, कसं सांगावं?" एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "अक्का, त्यांना तिखट चालेल का हो?" मी म्हटलं, "आधी तोंड आहे का ते बघा."

एके दिवशी ते वही नाचवत खाली आले. "अक्का, सापडले! रोज दुपारी ठीक चारला. तीनदा टक, जरा थांबून दोनदा टक. एवढी शिस्त निसर्गात नसते. कुणीतरी आहे तिथं!" वहीत दोन महिन्यांच्या नोंदी होत्या. वर्षानुवर्षं त्यांची टिंगल करणाऱ्या रेडिओवाल्या मित्रांना त्यांनी रविवारी ऐकायला बोलावलंही होतं.

शुक्रवारी मी चकल्या घेऊन वर गेले. चार वाजले. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो, पण रेडिओतून नुसती खरखर. "आज स्वल्प उशीर दिसतोय," अण्णा म्हणाले. सव्वाचारला मी उठले, खाली येऊन माझा रोजचा चारचा चहा ठेवला. गॅसचा लायटर चहाच्या शेगडीला तीनदा दाबावा लागतो, दुधाच्या शेगडीला दोनदा. दाबला, आणि वर खुर्ची पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ अण्णांची आरोळी, "आले, आले!"

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. दूध उतू गेलं.

रविवारी चारचौघांत हसं होण्यापेक्षा घरच्या घरी कळलेलं बरं, असा विचार करून शनिवारी सकाळी मी लायटर घेऊन वर गेले आणि रेडिओसमोर दाबून दाखवला. प्रत्येक ठिणगीला रेडिओ टक करे, तीनदा, मग दोनदा. अण्णांनी लायटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. मग हळूच, "तुम्ही फार वक्तशीर आहात, अक्का."

रविवारचा बेत त्यांनी रद्द केला. महिन्याभरात छत्रीही उतरवली. मी त्यांना रोज चहाला बोलावू लागले. ते यायचे, गुडघ्यांबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचे. ताऱ्यांचं नाव काढत नसत, आणि मला विचारायचा धीर होत नसे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी केलं ते बरोबरच होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. पण मित्र हसले असते, तर त्यांच्यावर चिडून अण्णांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा कान लावला असता. माझ्यावर त्यांना चिडताही आलं नाही.