शेजारच्या प्रोफेसरांची चूक

मी लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा बेसिंगस्टोकच्या एका आयटी कंपनीत होता, वीकएंडलाच घरी यायचा. शेजारी एक जर्मन प्रोफेसर एकटेच राहत. वय ऐंशीच्या घरात. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचा रेडिओ मला ऐकू यायचा आणि माझ्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना.

इतिहास आणि जुन्या भाषा हा त्यांचा विषय. तरुणपणी इंग्लंडला शिकवायला आले आणि इथलेच झाले. त्यांचं नाव झालं ते एका पुस्तकामुळे. जर्मनीतल्या एका मठात जुन्या बोलीत लिहिलेली बखर सापडली होती. अर्ध्यावर तिच्यातली शब्दांची रूपं बदलतात, म्हणून ती दोन वेगवेगळ्या साधूंनी लिहिली असली पाहिजे, असं त्यांनी मांडलं होतं. पुढे सगळीकडे तेच शिकवलं गेलं.

एकदा कुंपणापाशी त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, शनिवारी मला युनिव्हर्सिटीत सोडाल का? एका तरुण संशोधिकेचं लेक्चर आहे. माझं पुस्तक चुकलंय असं तिचं म्हणणं आहे."

"मग तुम्ही तिला उत्तर देणार?"

"आधी ऐकतो तरी."

मीही त्यांच्यासोबत आत जाऊन बसले. पहिल्या रांगेत प्रोफेसरांना पाहून ती मुलगी जरा गडबडली, पाणी प्यायली आणि बोलू लागली. बखर लिहिणारा एकच होता, ती म्हणाली. मध्येच त्याला दक्षिणेतून उत्तरेच्या मठात पाठवलं. तिथल्या लोकांत राहून त्याची भाषा हळूहळू बदलत गेली. घरातले, लहानपणचे शब्द मात्र तो शेवटपर्यंत आपल्या गावच्यासारखेच लिहीत राहिला. मला जर्मन येत नाही, पण हे लगेच समजलं. मी स्वतः दिवसभर इंग्रजीत बोलते, पण बोट भाजलं की तोंडून 'आई गं'च निघतं.

लेक्चर संपल्यावर सगळे प्रोफेसरांकडे पाहू लागले. ते काठीच्या आधाराने उभे राहिले.

"पाव हा शब्द शेवटच्या पानापर्यंत दक्षिणेतल्या रूपातच येतो?"

"हो, सर."

"मग तुमचं बरोबर आहे. मी चुकलो." एवढंच म्हणून ते खाली बसले.

परत येताना गाडीत मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"वाटलं ना. पण जास्त राग स्वतःचा आला. माझी बहीण हॅम्बर्गला असते. फोनवर मला नेहमी हसते, म्हणते, तू जर्मन इंग्रजासारखं बोलतोस. ते ऐकूनसुद्धा मला हे कधी सुचलं नाही."

नंतरचे काही दिवस भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू आला नाही. काळजी वाटून मी बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, दाढी वाढलेली, टेबलभर कागद पसरलेले.

"बखर पुन्हा पहिल्यापासून वाचतोय," ते म्हणाले. "या वेळी एकाच माणसाची म्हणून. मला पहिला साधू फार आवडायचा, दुसरा रुक्ष वाटायचा. आता कळतंय, तो घरापासून लांब होता."

त्यांनी त्या मुलीला स्वतःहून फोन केला. मग ती दर आठवड्याला येऊ लागली आणि दोघांनी मिळून बखरीची नवी आवृत्ती तयार केली. एकेका शब्दावरून दोघांचे वाद चालायचे, ते मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचे. आपलं नाव आधी नको, तिचंच हवं, असा प्रोफेसरांनी हट्ट धरला.

पुस्तक छापून आलं तेव्हा प्रोफेसर थकले होते, पण पुस्तक दाखवायला स्वतः माझ्या दारात आले. मी चहा करेपर्यंत त्यांना त्यात छपाईची एक चूक सापडलीसुद्धा, आणि त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली.