मैना कुणामागं पळाली?

आधीच सांगते, आमच्या घरात कुणी भूत-खेत, नजर-बिजर असलं काही काढलं की त्याला मीच गप्प बसवायचे. बारावीला बायोलॉजी घेतलेली मुलगी, त्यात कोल्हापूरची... तोंड बंद ठेवायची सवयच नाही. तरी हे लिहायला मला तीन वर्षं लागली. हसायचं तर हसा.

आमचं घर शिवाजी पेठेत. मागं गोठा, थोड्या म्हशी आणि दुधाचा रतीब. बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात आणि रस्त्यावरून पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस मागं. दावं नाही, काठी नाही, आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून ती पळते. माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि आमची म्हैस मैना ह्यात पेठेत नावाजलेले. अण्णांची जुनी टू-स्ट्रोक गाडी फटफटली की मैना मान लांब करून निघायची. पळून झालं की अण्णा डावा हात मागं करायचे आणि ती त्यांच्या तळहातावरचा गूळ चाटायची.

मी अकरावीत असताना अण्णा हार्ट अटॅकनं गेले. माझ्या काकांनी, म्हणजे तात्यांनी, मैनाला स्वतःच्या गाडीमागं पळवायचा खूप प्रयत्न केला. ती जागची हलली नाही. अण्णांची गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. तिचा कार्बोरेटरही तात्यांनी काढून कुणाला तरी देऊन टाकला होता.

बारावीनंतर मला परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजात सीट मिळाली. म्हशींची डॉक्टर व्हायचं होतंच, पण खरं बोलायचं तर मला घराबाहेर पडायचं होतं. स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप, चुका झाल्या तर त्याही स्वतःच्या. पण आई एकटी. तिचं एकच पालुपद — "हितंच बीएस्सी कर की. सकाळी धारा काढून जायाचं, दुपारी घरला यायाचं. परभणी काय जवळ हाय व्हय?" तात्यांनी पेठेजवळच्या कॉलेजात बोलूनही ठेवलं होतं. परभणीला हजर व्हायची शेवटची तारीख उद्यावर आली, म्हणजे त्या संध्याकाळची एसटी चुकली की विषय संपला. आठवडाभर रडून-भांडून मी शेवटी म्हटलं, "बरं. इथलंच घेऊया." आई नुसती पदराला हात पुसत राहिली.

दुपारी त्या कॉलेजात नाव घालायला मी मोपेड काढली, आई मागं बसली, तात्या त्यांच्या गाडीवर. निघणार, एवढ्यात दारात बांधलेली मैना रेकली. तिचे कान ताठ झाले होते. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नाही. आणि तिनं असा हिसका दिला की दावं तुटलं.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मैना पळायच्या आधीच समोरच्या दारातल्या म्हशीनं मान वळवली. मग तिच्या पलीकडच्या म्हशीनं. मग तिच्याही पुढच्या म्हशीनं. एकामागून एक माना फिरत गेल्या, गल्लीतून एखादी गाडी चालल्यावर फिरतात तशा. गल्ली रिकामी होती... आणि त्या रिकाम्या गल्लीत मैना मान लांब करून पळत सुटली.

गल्लीच्या टोकाला उजवीकडं आमचं ठरलेलं कॉलेज. पाडव्यालाही आम्ही उजवीकडंच वळायचो. मैना डावीकडं वळली. मी मोपेड पिळली. आईनं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या टोचत होत्या. रिक्षा करकचून थांबत होत्या, पोरं बाजूला उड्या मारत होती. एक पोलीस तात्यांवर ओरडला, "ओ पावणं, म्हस आवरा की! कुनाचा तर जीव जाईल!"

बिंदू चौकात ती थांबली. समोर काही नव्हतं, ती आपली उभी राहिली — अण्णा पाय टेकवून थांबले की थांबायची तशी. तिथून घराकडं वळायला वाट होती. मी मनात म्हणत होते, वळू नकोस, मैना, वळू नकोस! मला काय हवंय हे मला त्या चौकात कळलं. ती सरळ निघाली.

थांबली ती थेट एसटी स्टँडच्या दारात. धापा टाकत होती, तोंडाला फेस. तिनं मान पुढं केली, जीभ बाहेर काढली आणि हवेतच काहीतरी चाटलं. सावकाश, चवीनं. मला रडूच फुटलं. मग ती भानावर आल्यासारखी इकडं-तिकडं बघायला लागली.

तात्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, "बघ, दारातच आडवी हुबी ऱ्हायलीया. आण्णा तुला जाऊ नको म्हंतोय."

आई मोपेडवरून उतरली, मैनाच्या गळ्यातला तुटका दोर हातात घेतला. तात्यांना म्हणाली, "भावजी, ह्यांनी मैनाला कवा कुनाला अडवाय पळवलं न्हाय. मिरवायलाच पळवलंय." मग माझ्याकडं वळली, "बघत काय बसलीस? कापडं भराय जा. गाडी सुटंल."

घरी येऊन बॅग भरण्याआधी मी गोठ्यात गेले. ताडपत्रीवरची धूळसुद्धा हलली नव्हती. खाली हात घालून सायलेन्सर चाचपला — थंडगार. खरं सांगते, गरम लागला असता तर बरं वाटलं असतं.

आता मी परभणीत शिकते. आमच्या एका सरांना विचारलं, तर म्हणाले, आपल्याला ऐकू न येणारे आवाज जनावरांना येतात, कुठंतरी तशीच गाडी वाजली असेल. तात्या आता म्हणतात, बोलाफुलाला गाठ पडली. असेलही. पण मैना त्याआधी स्टँडकडं कधी गेलीच नव्हती, आणि गल्ली रिकामी असताना त्या माना एकामागून एक वळल्या होत्या. आई फोनवर आधी मैनाचं दूध किती निघालं ते सांगते, मग मी जेवले का विचारते.

गेल्या पाडव्याला मी दुसरा कार्बोरेटर बसवून अण्णांची गाडी सुरू केली. शिंगं रंगवलेली मैना लगेच निघाली. पेठेतली माणसं शिट्ट्या वाजवायला लागली, पोरीच्या मागं म्हैस पळाली म्हणून. मीही खुशीत आरशात तिच्याकडं बघितलं.

तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून ती पुढच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत पळत होती. मी गाडीचा वेग कमी केला नाही.