काळीज म्हणजे कोणतं

धाकट्या भावाची पिकअप वारंगा फाट्याजवळ उलटली तेव्हा मी पुण्याकडं कंपनीत ड्युटीवर होतो. नांदेडच्या दवाखान्यात पोचलो तोवर त्याचा मेंदू मेल्याचं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. छाती मात्र मशीनवर खालीवर होत होती. अवयवदानाचं बोलायला आलेल्या ताईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी हो म्हणेपर्यंत "घाई नाही, दादा," असंच म्हणत राहिल्या. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला इतक्या आदबीनं कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचे उपकार मी अजून मानतो.

सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "काळीज आणि दोन्ही किडन्या दिल्या, दादा. तिघांना आधार झाला." मी तेच मायला सांगितलं.

सेनगावजवळच्या आमच्या गावात माय त्या एका शब्दावर तगली. "वाजून राहिलं असंल ना रे कुठंतरी?" फोनवर विचारायची. शेजारची काकू तिला हसवायला म्हणायची, "तुह्या पोराचं काळीज लई मोठं व्हतं, घेणाऱ्याच्या छातीत मावलं कसं वं?" माय खरंच हसायची. मग तिनं हट्ट धरला. "त्या माणसाला एकडाव भेटव. मला काही नको. छातीला कान लावीन अन् येईन वापस."

मी भीत भीत ताईंना फोन करून मायचा हट्ट सांगितला. घेणाऱ्याचं नावगाव सांगता येत नाही म्हणाल्या, मग विचारलं, "दादा, छातीला कान कशाला? हृदय नव्हतं घेतलं. यकृत घेतलं होतं."

"तुमी काळीज म्हणाल्या होत्या."

"यकृतालाच म्हणतात ना काळीज?"

म्हणतात. मटणाच्या दुकानात मीच मागतो, पाव किलो काळीज द्या म्हणून. भावाच्या बाबतीत ते काळीज माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मग हृदय काहून न्हाई घेतलं? खोट होती का त्यात?"

खोट नव्हती, त्या म्हणाल्या. मेंदूला असा मार बसला की सगळ्या शरीरात उलथापालथ होते, चांगलं हृदयही दमतं. इकोमध्ये त्याची ताकद कमी दिसली, रक्तदाब टिकवायला औषधं जास्त लागत होती. शिवाय बाहेर काढल्यावर ते काही तासच टिकतं, आणि घेणारा मुंबईला. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून नको म्हटलं. बसवलं आणि चाललंच नाही, तर त्यांचा पेशंट हातातून जाणार. बाकीच्या ठिकाणांहूनही नकारच आला.

"सावरलं असतं का ते?"

"कधीकधी सावरतं. दुसऱ्या कुणी कदाचित घेतलंही असतं. खात्रीनं नाही सांगता येत, दादा."

त्यांनी खरं सांगितलं, तकलीफ घेऊन सांगितलं. पण ते 'कदाचित' मला कंपनीत मशीनसमोरही सोडत नाही.

मायला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. सुट्टी टाकून गावी गेलो. ती तूर पाखडत होती. मी जमेल तसं सांगितलं. सुपातले दाणे तिनं हातानं नुसतेच सारखे केले.

"मंग ते त्याच्यासंगंच जळालं."

"व्हय."

सूप बाजूला सारून तिनं विचारलं, "अन् ज्याला बसवणार व्हते, त्या लेकराचं काय झालं?"

"दुसरं भेटलं असंल."

"असंल म्हनू नको. तुला ठावं हाय का?"

नव्हतं ठाऊक. भावाच्या हृदयाचं एवढं खोदून विचारलं, त्याची वाट बघत पडलेल्या माणसाचं विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

आता माय फोनवर भावाचं काही काढत नाही. मुंबईच्या त्या माणसाचं विचारते. लेकरू का बाप्या, तेही आम्हाला माहीत नाही. मी "विचारतो" म्हणतो. ताईंचा नंबर काढतो आणि ठेवून देतो. त्या पुन्हा खरं तेच सांगतील, याची धास्ती वाटते.