भाऊजींचा नकाशांचा डबा

"सही तू केलीस?"

"मी केली. हेडक्लार्क मी आहे. वरून कागद आला की खाली सही करायची, एवढंच माझं काम."

"दादा, ते नकाशे म्हणजे माझे हात आहेत!"

"तुझे हात तुझ्या खांद्याला आहेत. नकाशे खात्याचे."

मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. एकच बशी पुसत राहिले, कारण दुसरी उचलली असती तर आवाज होऊन पुढचं ऐकू आलं नसतं. बाहेरच्या खोलीत आमचे हे आणि ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, भांडत होते. दोघंही पाणीखात्यात. हे टेबलावर बसून सह्या करायचे आणि भाऊजी उंच स्टुलावर बसून नकाशे काढायचे. जमिनीखालून कुठला नळ कुठून जातो, कुठे वळतो, तो बंद करायची चावी कुठल्या भिंतीपासून किती फुटांवर पुरलीय, ते सगळं शाईने, हाताने. बत्तीस वर्षांचं काम. खात्याने म्हणे ते सगळे संगणकात भरून घेतले आणि कागद रद्दीत काढायचं ठरवलं. त्या रद्दीच्या हुकमावर ह्यांची सही.

"संगणक बसला तर?" भाऊजींनी विचारलं.

"तर उठवतील," हे म्हणाले.

भाऊजी निघून गेले. दार असं आपटलं की खुंटीवरची छत्री खाली आली. त्या दिवसापासून दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. एकोणीस वर्षं. लोक म्हणतात राग विरतो. आमच्या घरातला नाही विरला. चांगला मुरला.

भाऊजी दुसऱ्या दिवशी रद्दीच्या गाडीपुढे जाऊन उभे राहिले. गाडीवाला म्हणाला, "बाजूला व्हा." भाऊजी म्हणाले, "माझ्या अंगावरून घाल." गाडीवाल्याला तेवढा वेळ नव्हता. त्याने सगळ्या गुंडाळ्या रस्त्यावर टाकल्या आणि गेला. भाऊजींनी हातगाडीच्या चार खेपा करून त्या घरी आणल्या. पुढे वर्षभरात खात्यातला संगणक खरोखरच बसला आणि त्याच्याबरोबर सगळे नकाशेही बसले. कुणी कबूल केलं नाही. नवीन टेबलं आली, पंखे आले, नकाशांचं नाव कुणी काढलं नाही.

भाऊजींचं घर दोन खोल्यांचं. गुंडाळ्या दारामागे, पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीघराच्या वर. माझी जाऊ जिभेने तिखट. म्हणायची, "आमच्याकडे पाहुणा आला तर त्यालाही गुंडाळून कोपऱ्यात उभा करावा लागेल." बरीच वर्षं तिने काढली. मग पलंगाखालच्या गुंडाळ्यांना ओल लागली, किडे झाले, आणि ती एक दिवस कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दाराजवळची भिंतीतली फळी दाखवून म्हणाली, "ही. हातभर लांब, वीतभर उंच. यात मावेल ते तुमचं. बाकी घर माझं."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. भाऊजींनी टेप आणून फळी मोजली.

तिथून तो डबा सुरू झाला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की घरातल्या घरात एक छोटा संगणक ठेवता येतो. त्याला पडदा नाही, बटणांची पाटी नाही, नुसतं पोट. त्यात दोन मोठ्या डिस्क बसवायच्या, वायरने घराच्या इंटरनेटच्या खोक्याला जोडायचा, की घरातल्या कुठल्याही संगणकावरून आतलं सगळं उघडतं. सर्व्हर म्हणतात. मी डबाच म्हणते. विकत तयार मिळतो, पण भाऊजींना तयार वस्तूचा भरवसा नव्हता. आत काय आहे ते दुसऱ्याने ठरवलेलं, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

त्यांनी काय करावं? आधी त्या डब्याच्या आतला नकाशा काढला. खऱ्या मापाचा. मग पुठ्ठा कापून मदरबोर्ड केला, पुठ्ठ्याच्या दोन डिस्क, पुठ्ठ्याचा पंखा, पुठ्ठ्याचा पॉवर सप्लाय, आणि हे सगळं बुटांच्या खोक्यात रचून बघत बसले. तारांच्या जागी दोऱ्या. जाऊ मला म्हणाली, "म्हातारपणी बाहुलीचं घर मांडलंय." पण मी बघितलं ना, एक दोरी पंख्याच्या पात्याजवळ येत होती, तर त्यांनी सगळं उपसून पुन्हा रचलं.

संगणकाच्या दुकानातला दुकानदार बिचारा भला माणूस, पण त्याला एकच शब्द यायचा.

"हा पंखा या केसमध्ये जाईल का?"

"बसेल, काका."

"बसेल म्हणजे किती जागा उरेल?"

"बसेल हो, आरामात बसेल."

घरी आणला तर पंखा चार मिलिमीटर उंच. झाकण लागेना. भाऊजी तसाच उघडा डबा काखेत मारून दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकांत ओरडले, "खात्यातला संगणक बसला, तसाच हाही बसेल असं म्हणत होतास होय? बसेल, बसेल! माप सांग, माप!" तीनदा पंखा बदलला. दुकानदाराने शेवटी एक फूटपट्टी आणून गल्ल्याजवळ टांगली. आजही आहे. तिला तो 'काकांची पट्टी' म्हणतो.

डबा झाला. पावाच्या मोठ्या लादीएवढा, काळा, पुढे एक हिरवा दिवा. फळीवर ठेवला तेव्हा दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढीच जागा. जावेने धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर स्वतः विणलेला रुमाल घातला. तासाभरात डबा तापून ओरडायला लागला आणि भाऊजी त्याहून मोठ्याने. मग तिने रुमालाला पंख्यापुरतं गोल भोक पाडलं. तेवढं मात्र तिनेही मोजून पाडलं.

सहाशे बारा नकाशे. मोठे कागद घेणाऱ्या झेरॉक्सवाल्याकडे रोज थोडे थोडे न्यायचे, स्कॅन करून आणायचे, डब्यात भरायचे. आठ महिने लागले. जावेशी ठरलं होतं की भरलेला कागद घराबाहेर जाणार. शेवटची मोळी भाऊजींनी स्वतः बांधून दिली. त्या दिवशी ते कुणावर ओरडले नाहीत. जाऊ म्हणाली, "मला भीती वाटली."

आता गंमत ऐका. गंमत कसली, माझं अजून डोकं फिरतं. भाऊजींनी खात्याला पत्र लिहिलं, नकाशे माझ्याकडे आहेत, प्रत घेऊन जा. एक नाही, पाच पत्रं. सहाव्याला फोन आला. नवा इंजिनिअर, आवाजाने कोवळा.

"काका, आम्ही उपग्रहावरून नवीन सर्व्हे करतोय. ते हाताने काढलेलं आता लागत नाही."

"उपग्रहाला जमिनीखालची चावी दिसते का?"

"तुम्ही उगाच त्रास घेऊ नका. काढून टाकलंत तरी चालेल."

"काढून टाकू? टाकतो!" म्हणून भाऊजींनी फोन आपटला, संगणकासमोर बसले आणि सगळेच्या सगळे नकाशे पुसले. संगणकाने दोनदा विचारलं, खरंच का? दोनदा हो म्हणाले. जाऊ शेजारी उभी होती. तिला वाटलं, चिडून खेळ खेळतायत.

तासाभराने डोकं थंड झालं. तसे ते घाबरले नव्हते. डब्यात दुसरी डिस्क होती ना! दोन घेतल्या त्या त्याचसाठी. मांडताना संगणकाने विचारलं होतं, दुसरी कशी ठेवू, आणि भाऊजींनी यादीतलं 'मिरर' निवडलं होतं. आरसा. त्यांना वाटलं, एक गेली तर दुसऱ्यात आहे. तसं असतंच ते, एक डिस्क मोडली तर दुसरीत असतं. पण माणूस आरशासमोर बसून मिशी भादरतो तेव्हा आरशातली मिशी राहते का? पहिल्या डिस्कमधून जे पुसलं ते त्याच क्षणी दुसरीतूनही गेलं होतं.

जगाला सांगितलं, मशीनने घात केला. खरं काय ते फक्त जावेला माहीत आणि तिने मला सांगितलं. मी ह्यांनाही सांगितलं नाही. बत्तीस वर्षांचं काम ज्यांनी रद्दीत काढलं त्यांच्यावर भाऊजी एवढे संतापलेले, आणि त्यांच्याच हुकमाची तामिली स्वतःच्या बोटाने करून बसले. हा राग कुणावर काढणार? दुकानदारावर काढला, डब्यावर काढला, जावेच्या रुमालावर काढला.

झेरॉक्सवाल्याच्या संगणकात त्याच्या आळसाने निम्मे नकाशे राहिलेले निघाले. आळशी माणसाचे मी एवढे आभार कधी मानले नव्हते. उरलेल्यांसाठी भाऊजी बाहत्तराव्या वर्षी टेप आणि लोखंडी कांब घेऊन रस्त्यावर उतरले. भिंतीच्या कोपऱ्याला टेप लावायचे, फुटपाथवर कांब आपटून आवाज ऐकायचे, वहीत लिहायचे. लोक बघून हसायचे. दुकानांच्या पायऱ्यांवरून हाकलून द्यायचे. सव्वादोन वर्षं. जे रस्ते डोक्यात होते ते डोक्यातून काढले, जे नव्हते ते पायांनी. पाच-सहा नाहीच सापडले. त्यांच्या जागी डब्यात कोरा कागद ठेवला आणि त्यावर लिहिलं, 'माहीत नाही'. खात्याच्या कुठल्या कागदावर मी असं कधी वाचलेलं नाही.

दुकानदार आता शहाणा झाला होता. म्हणाला, "काका, तिसरी प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवा. आरशात धरायची नाही. आठवड्यातून एकदा बदलायची." दुसरं छप्पर कुठलं? मूलबाळ नाही, मित्र सगळे भांडून संपवलेले. उरलं आमचं.

एका शनिवारी बेल वाजली. भाऊजी दारात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, तुमच्याकडे कोरडी जागा आहे का?"

"माणसाला की वस्तूला?"

"वस्तूला."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लोकरीचा लाल मोजा काढला. आत डिस्क. मी ती शोकेसच्या वरच्या कप्प्यात ठेवली. पुढच्या शनिवारी ताजी प्रत घेऊन राखाडी मोजा आला आणि लाल परत गेला. मग हेच. बाहेरच्या खोलीत हे वर्तमानपत्र उघडून बसायचे, शनिवारी जरा उंच धरून.

"वहिनी, घरातल्या माणसांना सांगा, शोकेसला कुलूप लावत जा."

"त्याला सांग, किल्ली हरवली की डिस्क आतच राहील," वर्तमानपत्र म्हणायचं.

एकदा मी चिडून म्हटलं, "मी काय टेलिफोनची तार आहे? दोघांमध्ये चार पावलं आहेत, तेवढं बोला!" भाऊजींनी मोजा खिशात घातला आणि गेले. हे म्हणाले, "चहा तरी विचारायचास." मी म्हटलं, "तुम्ही विचारायचात." त्या दिवशी मी कुणालाच चहा दिला नाही.

मग हॉस्पिटलमागचा मोठा नळ फुटला. पाणी तळघरात शिरलं, औषधं तिथेच साठवलेली. उपग्रह वर फिरत होता. खात्याने भाऊजींना फोन लावला. जाऊ सांगते, भाऊजी नकाशा उघडून बसले आणि पाव तास एका दमात शिव्या आणि मापं देत होते.

"हॉस्पिटलच्या कुंपणाचा वायव्येचा खांब धर, निलाजऱ्या. तिथून एकवीस फूट."

"काका, डावीकडे की उजवीकडे?"

"कुणाच्या डावीकडे, गाढवा? उत्तरेकडे तोंड कर! आता उजवीकडे साडेतीन. खण. अडीच फुटांवर झाकण लागेल. लागलं? मग फिरव, बघतोस काय!"

चावी फिरली, पाणी थांबलं. खात्याकडून महिन्याभराने पत्र आलं. मला वाटलं आभाराचं. तर त्यात लिहिलेलं, 'आपल्याकडील माहिती विहित नमुन्यात सादर करावी.' भाऊजींनी त्याचे तुकडे केले आणि तुकडेही सरळ रेषेत.

गेल्या वर्षी, एका शनिवारनंतरच्या मंगळवारी, भाऊजी झोपेतच गेले. पुढे खात्याचा तोच इंजिनिअर रिकामी डिस्क घेऊन जावेकडे आला. आता तोही तेवढा कोवळा राहिला नव्हता. जावेने त्याला फळीसमोर उभा केला. "प्रत न्या. डबा मिळणार नाही. आणि मिरर करू नका, नाहीतर तुम्हाला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल." तो मान हलवून प्रत घेऊन गेला. आता ठेवतात की पुन्हा रद्दीत घालतात, कोण जाणे. माझा त्या खात्यावर काडीचा विश्वास नाही. मी ज्यांच्याशी संसार केला तेही त्यातलेच.

त्या शेवटच्या शनिवारी भाऊजी नेहमीच्या वेळेला आले. बूट पुसले. शोकेस उघडून आधी वास घेतला, ओल आहे का बघायला. मग माझ्यावर खेकसले.

"वहिनी, खोकल्याची बाटली डिस्कच्या शेजारी? सांडली म्हणजे?"

"सांडली तर तुमच्या डिस्कचा खोकला जाईल."

हसले नाहीत. बाटली उचलून खालच्या कप्प्यात ठेवली, राखाडी मोजा आत सरकवला, लाल बाहेर काढला, त्यावर चिकटवलेली तारीख चष्मा वर करून वाचली आणि मोजा कोटाच्या आतल्या खिशात घालून बटण लावलं.

"घरातल्या माणसांना सांगा, जिन्यातला दिवा गेलाय."

"त्याला सांग, माहीत आहे," वर्तमानपत्राआडून उत्तर आलं.

"माहीत असून लावत नाहीत," भाऊजी मला म्हणाले, आणि एक हात भिंतीला, एक हात खिशावर धरून, दिव्याला आणि दिवा न लावणाऱ्याला शिव्या घालत खाली उतरले.