परक्याचं पोर वाढवायचं दहा दिवसांचं शिक्षण

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि अकोल्याच्या दवाखान्यातली माझी नर्सची नोकरी त्याहून नवी. तेवढ्यात हुकूम आला, की दहा दिवस अमरावतीला जाऊन शिकायचं. काय, तर दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्या घरांना मनाच्या दुखण्यात मदत कशी करावी. शिकवायला पुण्याचे मोठे डॉक्टर येणार होते. ते दोन वर्षं विलायतेत राहून आले होते, म्हणजे वऱ्हाडातल्या घरांबद्दल त्यांना सगळं माहीत असणारच.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, की परक्या घरात वाढलेलं मूल खोटं बोलतं, चोऱ्या करतं, अंथरूण ओलं करतं आणि पुढे कुणावर माया करू शकत नाही. एवढं कौतुक झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी असं वाढलं आहे का? हात वर करा." मी दीड वर्षाची असताना माझी आई गेली आणि काकूने मला वाढवलं. पण हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? मी दोन्ही हात वहीखाली घातले. त्याची लाज मला अजून वाटते.

मग नाटकं झाली. एक डॉक्टरीणबाई देणारी आई, मी घेणारी आई आणि अनाथ बालक म्हणून दवाखान्याचे कंपाउंडर. पन्नाशीचे, झुपकेदार मिशांचे. त्यांचा हात हातात घेऊन "बाळा, मी तुझी खरी आई नाही" असं मी हळुवारपणे सांगायचं होतं. बाळाला हसू आवरेना. डॉक्टरांनी शेरा मारला, की बालक दुःख दडपत आहे. कंपाउंडर पुढचे दोन दिवस स्वतःच्या दुःखाचा शोध घेत हिंडत होते.

आठव्या दिवशी खरं कुटुंब आणलं. बडनेऱ्याकडची एक बाई, कापसाच्या जिनिंगमध्ये रोजीने जाणारी, आणि तिच्या मेलेल्या बहिणीची आठ वर्षांची मुलगी. मुलगी महिनाभर कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. आम्ही वीस जण गोल करून बसलो, मध्ये त्या दोघी. प्रश्न डॉक्टर विचारणार, उत्तरं मी लिहून घ्यायची. छापील कागदावर नसलेला प्रश्न कुणी विचारायचा नाही, अशी ताकीद होती.

"दत्तकविधी केव्हा झाला?"

"कायचा विधी? बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून आमी होम-बिम करत नाई. बहीन मेली, पोरगी उचलून आनली."

"हिला मारता का?"

"मारतो ना. आगाऊपना करते तवा मारतो."

"प्रेम करता का?"

बाईला प्रश्नच कळेना. "म्हन्जे? जेवू घालतो, न्हाऊ घालतो. तुमी काहून इचारून राहिले?"

डॉक्टरांनी खेदाने मान हलवली आणि मला सांगितलं, लिहा: विधी नाही, भाषा कठोर, मारहाण, ममतेचा अभाव. आमच्याकडे एखादी बाई लेकराशी फार गोड बोलायला लागली, तर शेजारीण विचारते, बरं नाही का. पण पुण्याच्या कानांना ते भांडणच वाटलं. मुलीला आठ दिवस वॉर्डात एकटी ठेवायची आणि नंतर बालकाश्रमात धाडायची, हे त्यांनी तिच्यासमोरच ठरवून टाकलं. पोरीने मावशीचा पदर मुठीत घट्ट धरला. मी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

संमतीच्या कागदावर मावशीचा अंगठा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. व्हरांड्यात नेऊन मी तिला कागदावर नसलेला प्रश्न विचारला, "हिचं बोलणं बंद कधी झालं?"

"मले पोरगा झाला तवा. शेजारीन बोलली हिले, आता तुही मावशी तुले आश्रमात टाकन."

शेजारणीने तोंडी सांगितलं होतं, ते आम्ही वीस शिकलेल्यांनी आता लेखी दिलं होतं. बाईने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तुमी सांगा. इथं ठेवू का इले?"

मला प्रमाणपत्र हवं होतं, नोकरीत कायम व्हायचं होतं. शाईची डबी माझ्या हातात उघडी होती. मी ती बंद केली.

"नका ठेवू. मलाही काकूनेच वाढवलं आहे. घेऊन जा तिला."

मुलीने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग मावशीचा पदर ओढला आणि महिन्यात पहिल्यांदा तिचा आवाज निघाला, घोगरा. "उद्या आनशीन का मले इथं ठेवाले?"

"तुले इथं ठेवून मी घरी कोनाशी भांडू?" मावशी म्हणाली आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. डोळे पुसत दोघी फाटकाबाहेर पडल्या. डॉक्टरांच्या मते ही मारहाणच.

प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं, कंपाउंडरांनाही. मला मिळालं नाही. माझ्या कागदावर शेरा होता, 'विषयाची जाण नाही.'

अकोल्याला घरी पोचले तेव्हा काकू तुरीची डाळ निवडत होती. "दहा दिस काय शिकवलं तुले?" तिने विचारलं.

"परक्याचं पोर कसं वाढवायचं ते," मी चिडूनच म्हणाले.

तिचा सुपातला हात थांबला. ती थट्टा करत असेल म्हणून मी पाहिलं, पण तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता.

"मंग? माह्याकून कुठं चुकलं का?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मंग रडून काहून राहिली?" काकूने सूप पुन्हा ओढलं. "हात धू. भाकर खा."