गॅरेजच्या फरशीवर फोडलेला नारळ

टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

डोंबिवलीच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये नवी फरशी घातली. मिस्त्री सांगत होता, "दादा, इथे खडबडीत टाइल्स लावा." मी हट्टाने हॉलसारख्या चकचकीत लावल्या. शेजारी बघतील ना!

आज सकाळी गाडी आत घ्यायच्या आधी मी कोयत्याने नारळ फोडला. पाणी टाइल्सवर सांडलं. बाबा हळदकुंकू घेऊन पुढे आले आणि धाडकन तोंडावर आपटले. हनुवटी फुटली, रक्ताची धार लागली.

धाकट्या भावाने कॉलर धरून मला भिंतीवर आदळलं. "तुझ्या शायनिंगपायी मारशील त्यांना!" मी त्याच्या थोबाडीत दिली. त्याने माझ्या नाकावर बुक्की मारली. कोयता माझ्या हातातच होता. तो मी उगारला. सख्ख्या भावावर.

तेवढ्यात खालून बाबांचा आवाज आला, "अरे, मला कोणीतरी उठवा रे."

तोपर्यंत त्यांना कोणी हातही लावला नव्हता.

बाबांच्या हनुवटीला चार टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर आम्ही दोघांनी घण घेऊन सगळ्या टाइल्स फोडल्या.

खरं सांगा, तुमच्या घरी कोणी पडलं तर आधी हात देतात, की कॉलर धरतात?