सरांची सिस्टीम मी लिहिली होती

दत्ता सर गेले आणि मला रडू आलं नाही.

सकाळपासून सगळ्यांच्या पोस्ट वाचतेय. 'सरांची सिस्टीम', 'सरांचं टेक्निक'.

ती सिस्टीम मी लिहिलीय. आज तरी हे सांगू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दत्ता सर चाकणकडच्या गावचे, रिटायर झालेले पीटीचे मास्तर. पिंपळे गुरवच्या बागेत आमचा रनिंग ग्रुप चालवायचे. चाळीस माणसं, बहुतेक शिफ्टवाली.

प्रत्येकाचं वर्कआउट सर मोबाइलवर एकेक बटण दाबून भरायचे. चष्मा कपाळावर आणि तोंडात शिव्या.

मीच म्हणाले, "सर, हे साधं टाइप करून होतं."

कॉम्प्युटरवर चार ओळी लिहायच्या. दहा मिनिटं सावकाश. मग तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं चाल. असं चार वेळा. शेवटी पाच मिनिटं सावकाश. एक फुकटचा प्रोग्रॅम त्याचं वर्कआउट बनवून थेट हातातल्या स्मार्टवॉचमध्ये पाठवतो. मग पळताना घड्याळच थरथरून सांगतं, आता पळ, आता चाल.

सर बघतच राहिले. "आयला, हे बेस हाय की!"

पुढची दोन वर्षं चाळीस जणांच्या फाइली मी लिहिल्या, ग्रुपच्या एका फोल्डरमध्ये, जो सरांनाही उघडता यायचा. फर्स्ट शिफ्ट करून, कंपनीच्या बसमधून उतरून, कुकर लावून. थर्ड शिफ्टवाल्यांना वेगळी, बीपीवाल्या काकांना वेगळी.

मग एका बक्षीस समारंभात सर माइकवर म्हणाले, "ही सिस्टीम मी स्वतः डेव्हलप केली."

मी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ते स्टेजवरून उतरल्यावर मी विचारलं. सर हसले. "आगं, तू नुसतं टायपिंग केलंस. डोकं माझंच हाय ना?"

तेव्हाच ग्रुप सोडायला हवा होता. हाफ मॅरेथॉन तोंडावर आली होती, म्हणून थांबले.

त्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन खूप कमी आलं. डॉक्टर म्हणाले, जपून. मी माझ्या फाइलीत जोरातले राउंड चारच ठेवले.

सकाळी सरावाला पळायला लागले. चार झाले, पाच झाले, घड्याळ थांबू देईना. वाटलं, माझंच मोजायचं चुकलं. फाइल मी लिहिलेली, तिच्यावर शंका कशी घेणार?

सातव्या राउंडला डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्यावर पडले. उजवं मनगट मोडलं.

घरी येऊन फाइल उघडली. चारच्या जागी आठ. शेवटचा बदल सरांच्या नावावर.

फोन केला.

"तू भितीयेस असं वाटलं. दम हाय तुझ्यात, म्हणून वाढवले."

"मला विचारायचं तरी, सर."

"खेळाडूला इचारत बसत न्हाईत."

सहा आठवडे प्लास्टर. मी तेव्हा कंत्राटावर, क्वालिटीत पार्ट तपासायला. हातात मापाचं गेज धरता येईना. परमनंटची यादी लागली तेव्हा तीत माझं नाव नव्हतं; माझ्या टेबलाशी दुसरी मुलगी बसली होती.

सर एकदाही बघायला आले नाहीत. मी ग्रुप सोडला.

मागच्या वर्षी अचानक त्यांचा मेसेज. 'हार्टचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चालायला सांगतात. एक फाइल लिहून दे.'

ना सॉरी, ना 'कशी आहेस'.

तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी लिहिली. पाच मिनिटं चाला, दोन मिनिटं बसा, तीन वेळा. आधी डॉक्टरांना दाखवा.

मोठ्या मनाने वगैरे नाही. हा माणूस स्वतःचं काहीतरी बनवेल आणि मरेल, ही भीती होती.

काल ते गेले. आज त्यांच्या घरी जाऊन आले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, माझा हात धरला. "तुझं नाव काढायचे गं. म्हणायचे, त्या पोरीचं मी वाईट केलं."

"मला कधी बोलले नाहीत, काकू."



बायकोला सांगितलं. मला नाही. माइकवर तर नाहीच.

बाहेर अंगणात ग्रुपमधला एक जण जवळ आला. "ताई, आता आमच्या फाइली कोण लिहिणार?" अजून चप्पलसुद्धा घातली नव्हती मी.

मी नाही लिहिणार. ज्याला शिकायचंय त्याने रविवारी सकाळी बागेत यावं. तासाभरात शिकवीन. मग आपापली लिहा आणि खाली आपापलं नाव टाका.

सर, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही माफी मागितलीच नाहीत.

निरोप देतेय. तेवढा घ्या.

— सुनंदा